ध्वनी आणि चित्र यांचा मेळ

जयपूर शहराचे नाव मराठी रसिकाला परिचित आहे ते प्रामुख्याने दोन घराण्यांमुळे. त्यांतील पहिले गायनाचे जयपूर-अत्रौली घराणे. अल्लादियाखाँ यांच्या कोल्हापुरातील वास्तव्यामुळे ते महाराष्ट्राच्या मातीत रुजले. दुसरे कथक नृत्याचे जयपूर घराणे. पायांच्या कामाविषयी या दुसऱ्या घराण्याची विशेष ख्याती आहे. लय वाढत जाते, तत्कार दाट होत जातो, आणि घुंगरांचा नाद व तबल्याचा बोल एकमेकांत मिसळून जातात. सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्या प्रेक्षकाला पाऊल आणि नाद ही एकच घटना वाटते.

हेच नृत्य दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्याचा अनुभव मात्र कधी कधी निराळा असतो. द्रुत लयीत एका सेकंदात आठ पदाघात होत आहेत असे धरले, तर दोन आघातांमधील अंतर १२५ मिलीसेकंद, म्हणजे सेकंदाचा आठवा भाग, इतके होते. आता प्रसारणातील काही दोषामुळे ध्वनी चित्राच्या मागे नेमका तेवढाच राहिला अशी कल्पना करावी. लय अखंड चालू आहे तोवर डोळ्यांना काहीच खटकणार नाही, कारण प्रत्येक आघाताचा नाद पुढच्या आघाताच्या चित्राशी बेमालूम जुळून जाईल. परंतु तिहाई संपते, नर्तकी समेवर येऊन स्तब्ध उभी राहते, आणि पाय थांबल्यानंतर घुंगरांचा एक आघात मागाहून ऐकू येतो. नर्तकीची चूक झालेली नसते आणि तबलजीचीही नसते. चूक झालेली असते ती कॅमेऱ्यापासून दिवाणखान्यातील पडद्यापर्यंत पसरलेल्या यंत्रमालिकेत. तथापि पाहणाऱ्याच्या मनात जी शंका उभी राहते ती यंत्राविषयी नसून नर्तकीच्या तालाविषयी असते.

ध्वनी व चित्र यांचा मेळ हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा मानला जातो तो अयोग्य होय, हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे. हा मेळ बिघडला की वक्त्याचे, शिक्षकाचे अथवा कलावंताचे बोलणे व करणे प्रेक्षकापुढे विपर्यस्त स्वरूपात उभे राहते. तो राखण्याची जबाबदारीही प्रेक्षकावर ढकलता येण्याजोगी नाही. ती पाठवणाऱ्याची आहे.

या विषयाचा विचार निसर्गापासूनच सुरू करणे इष्ट आहे. नदीच्या पैलतीरावर धोबी कपडे आपटतो तेव्हा त्याचा हात खाली आलेला आधी दिसतो आणि आवाज नंतर येतो, हे प्रत्येक खेडुताच्या परिचयाचे आहे. प्रकाशाला लागणारा वेळ येथे नगण्य असतो. ध्वनी मात्र साधारण तपमानात सेकंदाला सुमारे ३४३ मीटर एवढेच अंतर कापतो. जयपूरच्या उन्हाळ्यात हवा ४० अंशांपर्यंत तापली म्हणजे हा वेग सुमारे ३५५ मीटर होतो. तेथील सवाई मानसिंह क्रीडांगणावर फलंदाजापासून ८० मीटर दूर बसलेल्या प्रेक्षकाला चेंडूवर बॅट आदळल्याचा आवाज सव्वादोनशे मिलीसेकंद उशिरा पोहोचतो, आणि त्याबद्दल तो कधी तक्रार करीत नाही. दूरच्या वस्तूचा आवाज मागाहून यावयाचा, हा धडा मनुष्याचा मेंदू बालपणापासून शिकलेला असतो.

उलट प्रकार मात्र निसर्गात कोठेही घडत नाही. आवाज आधी आणि आघात नंतर, असे कोणी कधी पाहिलेले नाही. यामुळेच माणसाची सहनशीलता दोन दिशांना असमान असते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशीत प्रेक्षकांवरील प्रयोगांच्या आधारे असे नमूद केले आहे की, ध्वनी सुमारे ४५ मिलीसेकंद आधी आला तर दोष जाणवू लागतो. तोच मागे राहिला तर सुमारे १२५ मिलीसेकंदांपर्यंत तो ध्यानात येत नाही. दोष ग्राह्य मानण्याची मर्यादा पुढच्या बाजूस ९० व मागच्या बाजूस १८५ मिलीसेकंद अशी ठरली. युरोपीय प्रसारण संघाने २००७ साली याहून कडक नियम सुचविला : ध्वनी ४० मिलीसेकंदांहून अधिक पुढे नसावा व ६० मिलीसेकंदांहून अधिक मागे नसावा. हे आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण पुढील सर्व विवेचनाचे ते माप आहे. सव्वाशे मिलीसेकंदांची पहिली सवलत कथकाच्या तत्काराला लावली तर काय होते, ते वर दिसलेच आहे.

चित्राला वाणी देण्याची खटपट जुनी आहे. अमेरिकेत १९२६–२७ च्या सुमारास ज्या पद्धतीने बोलपट लोकप्रिय झाले त्या पद्धतीत आवाज वेगळ्या तबकडीवर असे आणि तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेई. सुईने एका खाचेची उडी मारली की ध्वनी एका फेऱ्याने, म्हणजे १·८ सेकंदांनी, पुढे सरके आणि नायकाच्या तोंडी नायिकेचे शब्द येत. फीत तुटली आणि दोन चौकटी कापल्या गेल्या तर तितक्याच काळ्या चौकटी तेथे जोडाव्या लागत. ही पद्धत लवकरच मागे पडली व ध्वनी फितीच्याच कडेवर छापण्यात येऊ लागला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकलेल्या अर्देशीर इराणी यांच्या ‘आलम आरा’ या चित्रपटात ध्वनी व चित्र एकाच वेळी एकाच फितीवर मुद्रित केले गेले होते. स्टुडिओच्या लगत आगगाडीचा मार्ग असल्याने चित्रीकरण बहुतांशी रात्री करावे लागे. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ तयार केला आणि मराठी बोलपटाचा प्रारंभ झाला.

फितीवर ध्वनी त्याच्या चित्राशेजारी नसून सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चित्र दाखवताना प्रत्येक चौकट क्षणभर थांबवावी लागते, तर ध्वनी वाचताना फीत अखंड, एकसारखी सरकावी लागते; या दोन्ही क्रिया एकाच ठिकाणी होणे अशक्य. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने एका चौकटीस सुमारे ४२ मिलीसेकंद लागतात. प्रक्षेपकावर फीत चढवताना तिचा फासा दोन चौकटींनी कमीजास्त ठेवला गेला की ८३ मिलीसेकंदांची चूक झालीच. जयपुरात १९७६ साली सुरू झालेल्या राजमंदिरासारख्या भव्य चित्रपटगृहात तर पडद्यामागील ध्वनी शेवटच्या रांगेपर्यंत जाण्यासही काही काळ लागतो. तीस मीटरांना सुमारे ८७ मिलीसेकंद, म्हणजे दोन चौकटींहून अधिक. यंत्रचालकाचा अनुभवी हात ही त्या काळी मेळाची मोठी हमी होती. तरीही एक गोष्ट निश्चित होती : ध्वनी आणि चित्र एकाच फितीवर जखडलेले असल्याने एकदा बसविलेला मेळ खेळ संपेपर्यंत टिके.

दूरचित्रवाणीच्या पहिल्या युगातही अशीच स्थिती होती. जयपूरच्या इतिहासात याचे एक उत्तम उदाहरण आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारतीय अंतराळ संशोधन संस्था व अमेरिकेची नासा यांच्या सहकार्याने उपग्रहाद्वारे शिक्षणाचा प्रयोग भारतात झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत ग्राहक यंत्रे बसविण्यात आली. राजस्थानातील खेड्यांचा गट जयपूर परिसरातील होता. जाळीच्या तारेची छत्रीसारखी आकाशिका, तिच्याखाली शाळेच्या किंवा पंचायतीच्या ओसरीवर ठेवलेला संच आणि भोवती सारे गाव, असे ते दृश्य असे. सकाळी शाळकरी मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी कार्यक्रम होत. भूकेंद्रापासून उपग्रहापर्यंत आणि तेथून खेड्यापर्यंतचा प्रवास ७२,००० किलोमीटरांहून अधिक होता, म्हणून प्रत्येक शब्द व प्रत्येक चित्र सुमारे पाव सेकंद उशिरा पोहोचे. परंतु ओठ व आवाज यांच्यात या पाव सेकंदाने काडीचाही फरक पडत नसे, कारण दोघेही एकाच लहरीच्या पाठीवर बसून येत. त्या उपग्रहावरून एका चित्राबरोबर दोन ध्वनिवाहिन्या पाठवण्याची सोय होती, म्हणजे एकच चित्र दोन भाषांत ऐकविता येई. आणि त्या दोन्ही भाषा चित्राशी सारख्याच बांधलेल्या असत. प्रयोगानंतर १९७७ साली जयपुरात जमिनीवरील प्रक्षेपक सुरू झाला, तेथेही तत्त्व तेच राहिले.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. विलंब हा स्वतः दोष नव्हे. दोष उत्पन्न होतो तो दोघांना असमान विलंब झाल्यामुळे. चित्र उपग्रहामार्गे आणि ध्वनी जमिनीवरील तारेने आणला, तर तोच पाव सेकंद असह्य ठरतो.

अंकीय प्रसारणाने ही जोडी मुळातच सोडविली. केबल दूरचित्रवाणीचे अंकीकरण ज्या ३८ शहरांत ३१ मार्च २०१३ पर्यंत करण्याचे ठरले, त्यांत जयपूर होते, तसेच पुणे, नागपूर व नाशिकही होते. अंकीय पद्धतीत चित्र व ध्वनी यांची स्वतंत्र गाठोडी बांधली जातात. जागा वाचविण्यासाठी प्रत्येक चित्र पूर्ण न पाठवता आधीच्या आणि पुढच्या चित्रांपासूनचा फरक तेवढा पाठवतात. यामुळे पुढचे चित्र हाती आल्याखेरीज मधले चित्र रचताच येत नाही. ध्वनीचे काम त्या मानाने सोपे असते व लवकर उरकते. शिवाय दोघांच्या मापांचाही मेळ नाही. आपल्या पद्धतीत एक चित्र ४० मिलीसेकंदांचे असते. प्रचलित ध्वनिपद्धतींपैकी एकीत ध्वनीचा एक तुकडा २४ मिलीसेकंदांचा असतो. तीन चित्रे व ध्वनीचे पाच तुकडे होतील तेव्हा कोठे दोघांच्या सीमा एकत्र येतात.

मग जुळणी होते ती कशी? येथे जयपूरच्याच जंतरमंतरचे स्मरण होते. सवाई जयसिंह यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेल्या या वेधशाळेतील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि त्याच्या सावलीवरून दोन सेकंदांपर्यंत अचूक स्थानिक वेळ वाचता येते. परंतु ही वेळ आणि हातातील घड्याळाची वेळ एक नसते. जयपूरचे रेखांश सुमारे ७५·८ अंश, भारतीय प्रमाणवेळेचे ८२·५ अंश. प्रत्येक अंशास चार मिनिटे धरता दोहोंत सुमारे २७ मिनिटांचा फरक पडतो, आणि त्यात ऋतुमानाने होणाऱ्या फरकाची भर पडते ती वेगळीच. सूर्याची सावली खोटी नाही, घड्याळही खोटे नाही. कोणत्या क्षणाला कोणता आकडा द्यावयाचा याचा एक समान करार असला म्हणजे झाले.

अंकीय दूरचित्रवाणीत असा करार केलेला असतो. पाठविण्याच्या ठिकाणी सेकंदाला २ कोटी ७० लक्ष ठोके देणारे एक मुख्य घड्याळ असते. चित्राच्या व ध्वनीच्या गाठोड्यांवर, सेकंदाचे ९०,००० भाग कल्पून, ‘अमुक क्षणी सादर करावे’ असा शिक्का मारलेला असतो. ग्राहक यंत्राला मुख्य घड्याळाची वेळ दर सेकंदास अनेक वेळा कळविण्यात येते, आणि ते आपले घड्याळ त्याप्रमाणे लावून घेते. ही खबरदारी घेतली नाही तर काय होईल? चित्र एका घड्याळाने व ध्वनी दुसऱ्या घड्याळाने चालला आणि दोन घड्याळांत दहा लक्षांत केवळ ३० भागांचा फरक असला, तरी एका तासात १०८ मिलीसेकंदांचे अंतर पडते. कार्यक्रमाच्या आरंभी निर्दोष वाटणारी मुलाखत शेवटी विसंगत वाटू लागते ती अशा रीतीने.

पद्धत इतकी काटेकोर असताना दोष का राहतात, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर असे की, शिक्का मारणारा कारकून प्रामाणिक असला तरी त्याच्यापुढे आलेला माल आधीच बिघडलेला असू शकतो. स्टुडिओत येणारे प्रत्येक बाहेरचे चित्र तेथील चित्रांच्या ठेक्यात बसविण्यासाठी एका स्मृतियंत्रात शून्य ते एक चौकट इतका वेळ रोखून धरावे लागते. एका यंत्राने हे केल्यास ४० मिलीसेकंदांपर्यंत उशीर होतो व तो कोणाच्या लक्षात येत नाही. क्रीडांगणावर एक, प्रादेशिक केंद्रात दुसरे व मुख्य केंद्रात तिसरे असे यंत्र असले, आणि त्या त्या ठिकाणी ध्वनीला तितकाच विलंब देण्याचे राहून गेले, तर चित्र १२० मिलीसेकंदांपर्यंत मागे पडते. म्हणजे ध्वनी तितका पुढे जातो. ही चूक ९० मिलीसेकंदांच्या ग्राह्य मर्यादेबाहेर गेली. तीनही ठिकाणचा तंत्रज्ञ मात्र शपथेवर सांगू शकतो की, माझ्याकडे एका चौकटीपेक्षा अधिक चूक झाली नाही.

या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे. निसर्ग ध्वनीला उशीर करतो, तर यंत्रे चित्राला उशीर करतात. म्हणून यंत्रांच्या निष्काळजीपणातून उपजणारी चूक बहुधा त्याच दिशेची असते, जी मनुष्याला सर्वांत कमी सहन होते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सामान्य प्रेक्षक इतके बारकाईने पाहत नाही, आणि ज्याला खटकेल त्याच्यासाठी आधुनिक संचात ध्वनी मागेपुढे करण्याची कळ दिलेलीच आहे, असे म्हणतात. यातील दुसरा भाग आधी तपासू. संचातील ती कळ सामान्यतः ध्वनी थांबवून धरू शकते; जो ध्वनी आधीच उशिरा आला आहे त्याला मागे वळवून लवकर आणणे कोणत्याही यंत्राच्या हाती नाही. शिवाय चूक प्रत्येक वाहिनीवर, किंबहुना प्रत्येक कार्यक्रमात निराळी असते. बातम्यांसाठी लावलेली कळ चित्रपटाला चुकीची ठरते. पाणी गढूळ आले तर प्रत्येक घराने ते आपापल्या फडक्याने गाळावे, असे म्हणण्यासारखाच हा युक्तिवाद आहे.

प्रेक्षकाला जाणवत नाही हा भाग अधिक गंभीर आहे. १९७६ साली हॅरी मॅगर्क व जॉन मॅकडोनल्ड यांनी एक चमत्कारिक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘बा’ असा ध्वनी ऐकवीत ‘गा’ म्हणणाऱ्या ओठांचे चित्र दाखविले असता पुष्कळांना ‘दा’सारखा तिसराच उच्चार ऐकू आला. याचा अर्थ असा की, माणूस कानांबरोबर डोळ्यांनीही ऐकतो, आणि तसे होत असल्याचे त्याला ठाऊकही नसते. मराठी व्याकरणाने वर्णांची स्थाने फार पूर्वीच सांगून ठेवली आहेत. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण उच्चारताना ओठ मिटलेच पाहिजेत. ‘पोपट’, ‘मामा’, ‘बाभूळ’ हे शब्द उच्चारणाऱ्याचे ओठ उघडे दिसले की चूक उघड होते. क, ट, त या वर्णांत ती लपून राहते. भाषांतरित चित्रपटांना आवाज देणारे कसबी कलावंत संवादातील ओष्ठ्य वर्ण ओठ मिटल्याच्या चौकटीवर आणण्यासाठी झटतात ते याचमुळे.

ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न जीवनावश्यक म्हणावा लागेल. अशी मुले व वृद्ध माणसे अर्धवट ऐकलेला शब्द ओठांवरून पुरा करतात. मेळ बिघडला की त्यांना दोन अर्धवट साक्षी मिळतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. त्यापेक्षा डोळे मिटून घेणे बरे, अशी पाळी येते. २०२० साली शाळा बंद पडून वर्ग पडद्यावर भरू लागले तेव्हा असंख्य घरांत हेच घडले. तेथे ध्वनी व चित्र वेगवेगळ्या गाठोड्यांतून येतात आणि मार्ग अपुरा पडला की ध्वनीला प्राधान्य देऊन चित्राला तिष्ठत ठेवले जाते. ज्याचे कान चांगले त्याचा पाठ कसाबसा पुरा झाला. ज्याची भिस्त शिक्षिकेच्या ओठांवर होती त्याचा झाला नाही.

तेव्हा अपेक्षा काय करावी? प्रत्येक दुव्यापाशी स्वतंत्र मोजमाप करून समाधान मानण्याची पद्धत सोडून, क्रीडांगणापासून किंवा रंगमंचापासून घरच्या पडद्यापर्यंत एकूण किती फरक पडतो ते मोजले जावे, आणि त्या एकूण फरकाचा धनी कोण हे प्रसारण संस्थेने आधी ठरवावे. चित्र रोखणाऱ्या प्रत्येक यंत्राबरोबर ध्वनी तितकाच रोखणारे यंत्र असलेच पाहिजे. त्याचा खर्च चित्रयंत्राच्या मानाने अल्प आहे. नृत्य व संगीत यांच्या प्रसारणाला वार्तापत्राचे माप लावू नये. दिवसातून एकदा, प्रेक्षक कमी असतील अशा वेळी, क्षणिक प्रकाश आणि त्याच क्षणीचा टणत्कार असा चाचणीसंकेत प्रत्येक वाहिनीने प्रसारित केल्यास शाळा व ग्रंथालये आपापले संच तपासून पाहू शकतील.

काही दोष मात्र घरचेच असतात, आणि ते कबूल केले पाहिजेत. शाळेच्या सभागृहात पुष्कळदा चित्र प्रक्षेपकाकडे जाते व आवाजाची तार पेटीतून थेट ध्वनिवर्धकाला जोडलेली असते. प्रक्षेपक चित्रावर संस्कार करण्यात वेळ घेतो, ध्वनी मात्र वाट पाहत नाही. अशा वेळी ध्वनीची तार चित्र दाखविणाऱ्या यंत्रातूनच घ्यावी. चांगल्या यंत्रात दोघांचा विलंब सारखा केलेला असतो. तसे करता येत नसेल तर ध्वनिक्षेपकापासून चौदा मीटर मागे बसलेल्या विद्यार्थ्याला सुमारे ४० मिलीसेकंदांची भरपाई हवेतच मिळते, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. बिनतारी ध्वनिक्षेपकाची गोष्ट उलट आहे. त्यात आवाज शंभर-दोनशे मिलीसेकंदही मागे राहू शकतो, आणि मागच्या बाकावर ही चूक घटण्याऐवजी वाढते.

विद्यार्थ्यांना ही तपासणी स्वतः करता येईल. सेकंदाला २४० चित्रे घेणारा मोबाईल आजकाल दुर्मीळ नाही. त्यात एका चित्राला ४ मिलीसेकंदांहून किंचित अधिक वेळ मिळतो. प्रथम एका विद्यार्थ्याने कॅमेऱ्यापासून एका मीटरावर दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटावेत व त्या चित्रफितीत ठोकळे भिडलेली चौकट आणि आवाजाचा आरंभ यांतील अंतर मोजावे. हा मोबाईलचा स्वतःचा दोष होय. त्यानंतर ठोकळ्यांची तीच चित्रफीत शाळेच्या संचावर लावावी, दुसऱ्या मोबाईलने पडद्याचे चित्रण करावे, आणि आलेल्या अंतरातून मोबाईलचे दोष वजा करावेत. दुसऱ्या मोबाईलचा दोष आधी याच रीतीने काढून ठेवला पाहिजे, हे विसरू नये. प्रयोग निदान दहा वेळा करावा, आणि पहिल्या बाकावरून एकदा व शेवटच्या बाकावरून एकदा असा दोन्ही ठिकाणी करावा.